चोर, घरधनी आणि कायदा



वकील मंडळींना लग्नाच्या पंगतींत हमखास विचारला जाणारा एक प्रश्न आहे: रात्रीं घरांत चोर शिरला, आम्हीं त्याला मारलें आणि त्यांत तो मेला, तर आमचें काय होईल? विचारणारा बहुधा उत्तर ठरवूनच आलेला असतो. कोणी म्हणतो, आपल्या घरांत शिरलेल्या चोराला ठार केलें तरी कायद्याची ना नाहीं. कोणी म्हणतो, कायदा चोराचाच कैवारी. घरधन्यानें हातावर हात ठेवून बसावें एवढीच त्याची अपेक्षा. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. त्यांतहि पहिली अधिक घातक, कारण तिच्यापायीं अब्रूदार घरचीं माणसें खुनाच्या आरोपाखालीं उभीं राहतात आणि कधीं कधीं भलत्याच माणसाचा जीव जातो.

हा हक्क आपल्याला कोणत्या कायद्यानें मिळतो तें प्रथम सांगतों. मेकॉले साहेबांच्या मंडळानें १८३७ सालीं दंडविधानाचा मसुदा केला, १८६० सालीं त्याचा कायदा झाला आणि १८६२ च्या जानेवारीपासून तो अमलांत आला. भारतीय दंड संहिता या नांवानें तो ३० जून २०२४ पर्यंत चालला. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेनें घेतली आहे. जुन्या कायद्यांतील ९६ ते १०६ हीं कलमें नव्यांत ३४ ते ४४ झालीं. शब्दांत थोडा फेर पडला, तत्त्व हललें नाहीं. मेकॉलेच्या मंडळाचा अभिप्राय असा होता कीं, या देशांतील लोक दरोडेखोरांचा जुलूम मुकाट्यानें सोसतात, तेव्हां त्यांच्यावर निर्बंध वाढविण्यापेक्षां त्यांना धीट करील असाच कायदा असावा. परक्या राज्यकर्त्यांच्या तोंडचा हा अभिप्राय आपल्याला रुचो वा न रुचो, त्यामुळें आपल्या पदरीं पडलेला हक्क कांहीं कोता नाहीं.

स्वतःचें किंवा दुसऱ्याचें शरीर, आणि स्वतःची किंवा दुसऱ्याची मालमत्ता, या सर्वांचें रक्षण करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. शेजारी गांवाला गेले असतां त्यांच्या दाराचें कुलूप कोणी तोडूं लागला, तर धांवून जाणें हा नुसता शेजारधर्म नव्हे. तो कायद्यानें दिलेला हक्क आहे. चोर वेडा असो वा दारूच्या अमलाखालीं असो, त्याच्यापासून बचाव करण्याचा हक्क तसाच राहतो. या सर्वांवर कलम ३७ चें दुहेरी बंधन आहे. सरकारी अधिकाऱ्यांकडे धांव घेण्यास वेळ असेल तर हा हक्क उरत नाहीं. आणि वेळ नसला तरी बचावाला जरूर तेवढीच इजा करतां येते, अधिक नाहीं.

आतां मुख्य गोष्ट. मालमत्तेच्या रक्षणासाठीं माणसाचा जीव घेणें आणि त्याला इतर इजा करणें, या दोहोंच्या मध्यें कायद्यानें ठळक रेघ ओढली आहे. साधी चोरी, साधी आगळीक किंवा हद्दींत शिरणें एवढाच अपराध असेल, तर जरूर ती इजा करतां येईल. जाणूनबुजून मृत्यु मात्र घडवितां येणार नाहीं. हें कलम ४२. आवारांतला आंबा तोडणारा पोरगा आणि वाड्यासमोरची पन्नास लाखांची मोटार पळविणारा भामटा, हे दोघेहि या बाबतींत एकाच पंक्तीला बसतात. ऐकणाऱ्याला हें चमत्कारिक वाटतें, मोटारीच्या मालकाला तर फारच. परंतु कायदा येथें मालाची किंमत विचारीत नाहीं. जिवाला भय किती होतें, हें विचारतो.

जीव घेण्यापर्यंत जाणारा हक्क कलम ४१ मध्यें आहे आणि त्याचे प्रसंग चारच आहेत. जबरी चोरी हा पहिला. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वीं होणारी घरफोडी हा दुसरा. राहत्या घराला, तंबूला, नौकेला किंवा माल ठेवण्याच्या जागेला आग लावणें अथवा ती स्फोटक द्रव्यानें उडविणें हा तिसरा. चवथा प्रसंग म्हणजे चोरी, आगळीक किंवा घरांत घुसणें अशा परिस्थितींत होणें कीं, हक्क न बजावल्यास मृत्यु किंवा जबर दुखापत ओढवेल असें समंजस माणसाला वाटावें. चारीहि प्रसंगांचा धागा एकच आहे: माल जातांना माणूसहि जाण्याचा संभव. रस्त्यांत मंगळसूत्र हिसकावून मोटारसायकलवरून पळणाऱ्याचेंच पहा. नव्या संहितेनें कलम ३०४ खालीं हिसकावणी हा चोरीचाच एक स्वतंत्र प्रकार केला आहे, परंतु त्याचें नांव वरच्या यादींत घातलेलें नाहीं. हिसकावतांना बाईला इजा केली किंवा सुरा दाखविला, तर मात्र ती जबरी चोरी होते.

रात्रीचें एवढें महत्त्व कां? अंधारांत शिरलेला माणूस एकटा आहे कीं चौघे, त्याच्या हातीं पहार आहे कीं पिस्तूल, तो नुसतीं भांडीं नेईल कीं निजलेल्यांच्या उरावर बसेल, हें घरधन्याला कळत नाहीं. मदतहि जवळ नसते. ही समजूत फार जुनी आहे. रोमच्या बारा पाट्यांच्या कायद्यानें रात्रीच्या चोराचा वध निर्दोष मानला होता. यहुद्यांच्या धर्मशास्त्रांत रात्रीं घर फोडणाऱ्याला मारल्याचें पाप नाहीं, परंतु सूर्य उगवल्यानंतर आहे. आपल्या स्मृतिकारांनीं तर आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उगारणारा यांच्याबरोबर धन हरण करणाराहि आततायींत मोजला आहे, म्हणजे ते आजच्या कायद्याहून कठोरच.

तथापि प्रत्येक रात्रीचा प्रवेश घरफोडी होत नाहीं. भिंतीवरून चढून येणें, भगदाड पाडणें, कुलूप काढणें, दांडगाईनें दार उघडविणें, खिडकीसारख्या माणसाच्या येण्याजाण्यासाठीं नसलेल्या वाटेनें शिरणें, हे घरफोडीचे प्रकार आहेत. उकाड्यामुळें सताड उघड्या ठेवलेल्या दारांतून चोर सहज आंत आला, तर त्याचें घुसणें गुन्हा आहे, पण घरफोडी नव्हे. त्याच्यावर प्राणघातक वार करावयाचा तर चवथा प्रसंग सिद्ध झाला पाहिजे, म्हणजे त्याच्या वागण्यांत जिवाला धोका दिसला पाहिजे.

सर्वांत अधिक घोटाळा होतो तो वेळेच्या हिशेबांत. कलम ४३ हें या हक्काचें घड्याळ होय. रात्रीच्या घरफोडीविरुद्धचा हक्क, घरफोडीनें सुरू झालेलें तें घुसणें चालू असेपर्यंतच असतो. चोर गांठोडें घेऊन घराबाहेर पडला कीं तो संपतो. त्यानंतर उरतो तो चोरीविरुद्धचा हक्क. तो चोर माल घेऊन निसटेपर्यंत, किंवा पोलिसांची मदत मिळेपर्यंत, किंवा माल परत हातीं येईपर्यंत टिकतो. म्हणजे पाठलाग करावा, पाय अडकवून पाडावा, गांठोडें ओढून घ्यावें, झटापटींत काठीहि मारावी. परंतु पळणाऱ्याच्या पाठींत गोळी घालण्याची मुभा नाहीं. त्यानें गांठोडें टाकून दिलें तर माल परत मिळाला, आणि हक्कहि आटोपला. पंजाबांतील शेताच्या एका तंट्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९६२ सालीं हाच भेद केला: हल्ला चालू होता तोंवर बचाव ग्राह्य, समोरचे लोक पळूं लागल्यावर झाडलेल्या गोळ्यांना तो लागू नाहीं. बंदुकीचा परवाना असला म्हणजे हक्काची हद्द वाढते असें कित्येकांना वाटतें. परवाना बंदूक बाळगण्याचा असतो, एवढेंच.

पकडलेल्या चोराचेंहि असेंच आहे. डोळ्यांदेखत असा दखलपात्र व बिनजामिनी गुन्हा करणाराला कोणाहि नागरिकानें धरावें, अशी सोय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्यें आहे. मात्र विनाकारण विलंब न लावतां, आणि फार तर सहा तासांच्या आंत, त्याला पोलिसांच्या स्वाधीन केलें पाहिजे. दोरीनें जखडलेल्या माणसापासून बचाव तो कसला? खांबाला बांधून गल्लींतील प्रत्येकानें आपापला हात साफ करून घेणें, ही आपल्या शहरांतून अजून दिसणारी रीत म्हणजे निव्वळ मारहाण होय, आणि माणूस दगावला तर त्यांत हात असलेले सर्व जण मनुष्यवधाला जबाबदार धरले जाऊं शकतात. तशांत तो चोर होता कीं नाहीं, याचा निवाडा जमावांत कोण करणार? १६ एप्रिल २०२० च्या रात्रीं पालघर जिल्ह्यांतील गडचिंचले येथें, चोर फिरत असल्याच्या अफवेनें बिथरलेल्या जमावानें दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांना ठार मारलें. त्यांनीं कोणाची काडीहि चोरली नव्हती.

घरधनी जागेवर नसतां त्याच्या वतीनें मारणाऱ्या सापळ्यांविषयीं दोन शब्द सांगणें जरूर आहे. इंग्लंडांत जमीनदार आपल्या बागांतून दोरीला पाय लागतांच उडणाऱ्या बंदुका मांडीत. १८२७ सालीं पार्लमेंटानें त्यांवर बंदी घातली. आपल्याकडे तें काम विजेच्या तारा करतात. रानडुकरांसाठीं म्हणून पिकाभोंवतीं सोडलेल्या प्रवाहानें माणसें मेल्याच्या बातम्या विदर्भांतून आणि इतर भागांतून येत असतात. बिहारमधील एका गृहस्थाच्या शौचकूपाचा उपयोग शेजारचीं माणसें करूं लागलीं, कारण त्यांच्या शौचकूपाची भिंत पडली होती. या गृहस्थानें चिडून वाटेंत उघडी तांब्याची तार बसविली आणि तिच्यांत वीज सोडली. धोक्याची सूचना कोठेंच लावली नाहीं. शेजारची एक बाई तारेला लागून मेली. सर्वोच्च न्यायालयानें १९६३ सालीं त्याची शिक्षा कायम केली आणि बजावलें कीं, दुसऱ्याच्या हद्दींत शिरणारा माणूस कायद्याच्या संरक्षणाबाहेर गेलेला नसतो. तारेला चोर आणि वाट चुकलेलें मूल यांतला फरक कळत नाहीं. ती हातहि आखडता घेत नाहीं.

आतां कोणी म्हणेल, अपरात्रीं दार मोडत असतां हीं कलमें कोण आठवणार? आक्षेप रास्त आहे, आणि न्यायालयांनीं तो मान्यहि केला आहे. भेदरलेल्या माणसानें आपला वार सोन्याच्या तराजूंत तोलून घालावा, अशी अपेक्षा तीं करीत नाहींत. २०१० सालच्या एका निकालांत सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें कीं, धोक्याची वाजवी भीति असली म्हणजे पुरें. प्रत्यक्ष इजा होईपर्यंत थांबावें लागत नाहीं, आणि पळ काढण्याचीहि सक्ति नाहीं. सद्भावनेनें बचाव करतांना पूर्वसंकल्प नसून, आणि जरुरीहून अधिक इजा करण्याचा इरादा नसून, हक्काची मर्यादा ओलांडली गेली तर तो अपराध खून न ठरतां सदोष मनुष्यवध ठरतो. पण त्यालाहि कलम १०५ खालीं जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, हें विसरतां कामा नये.

बचावाचा हक्क होता हें दाखविण्याचा भार आरोपीवर असतो, तरी फिर्यादी पक्षाप्रमाणें निःसंशय पुरावा त्याला द्यावा लागत नाहीं. त्याची हकीकत संभवनीय दिसली म्हणजे भागतें. ती संभवनीयता घरांतल्या वस्तूच सांगतात. कडी बाहेरून उचकटली आहे काय, दिवा लागत होता कीं विझलेला, चोराच्या हातून पडलेली पहार कोठें सांपडली, प्रेत माजघरांत होतें कीं फाटकाबाहेर, जखम छातीवर आहे कीं पाठीवर, वार एक आहे कीं अकरा. म्हणून असा प्रसंग घडलाच, तर ११२ या क्रमांकावर ताबडतोब कळवावें, जखमी जिवंत असल्यास त्याच्यासाठीं डॉक्टर बोलवावा, आणि पोलिस येईपर्यंत फरशी धुऊं नये कीं कडी सरळ करूं नये.