जुन्या मियाटाच्या प्लग वायर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

प्लग वायरबद्दलचे बहुतेक गैरसमज एकाच समजुतीतून फुटतात: ही वायर करंट वाहून नेण्यासाठी असते आणि जितका जास्त करंट नेईल तितकी चांगली. प्रत्यक्षात ठिणगी जळत असताना वायरमधून जाणारा करंट अगदी मामुली, अँपिअरच्या शतांशात मोजावा इतका असतो. तेवढा न्यायला साधी तारही पुरते. खरी कसोटी असते वीस-तीस हजार व्होल्टचा दाब वाटेत कुठेही निसटू न देण्याची, आणि ती वायरच्या आवरणाला द्यावी लागते. कुठली वायर घ्यावी, जुनी कधी काढावी, नवी कशी बसवावी, या प्रश्नांची उत्तरे बरीचशी इथूनच निघतात.

उदाहरण म्हणून माझदाची एमएक्स-५ घेणे सोयीचे आहे. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. अमेरिकेत ती मियाटा म्हणून विकली गेली, तर जपानमध्ये युनोस रोडस्टर म्हणून. दोन माणसांची, उघड्या टपाची ही छोटी गाडी पहिल्या पिढीतच चार लाखांवर बनली. ती पिढी १९९७ पर्यंत चालली आणि आजही अनेक घरच्या गॅरेजमध्ये मालकाच्याच हातून दुरुस्त होत असते. सुरुवातीचे इंजिन १.६ लिटरचे, चार सिलिंडरचे आणि दोन कॅमशाफ्टचे होते. १९९४ च्या मॉडेलपासून १.८ लिटरचे आले.

या इंजिनात डिस्ट्रिब्यूटर नाही. हेडच्या मागच्या टोकाला, इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या अगदी जवळ, दोन कॉइलचा एक संच बसवलेला असतो. त्यातून चार वायर पुढे येतात आणि टॅपेट कव्हरच्या मधल्या खोल विहिरींत उतरून प्लगवर बसतात. एक कॉइल पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरची, दुसरी दुसऱ्या आणि तिसऱ्याची. पहिला आणि चौथा पिस्टन एकाच वेळी वर येतात. त्यांतला एक मिश्रण दाबत असतो, तर दुसरा जळालेला वायू बाहेर ढकलत असतो. कॉइल दोन्ही प्लगना एकदमच ठिणगी देते. एक ठिणगी कामी येते, दुसरी वाया जाते. करंट कॉइलच्या एका टोकातून निघून पहिला प्लग, इंजिनचा धातू आणि दुसरा प्लग असा फिरून परत येतो. म्हणजे दोन वायर एकाच साखळीतल्या आहेत, आणि एकीतला बिघाड जोडीदार सिलिंडरलाही त्रास देऊ शकतो. एका सिलिंडरची तक्रार असली तरी एकच वायर बदलून भागवणे इथे शहाणपणाचे नाही.

आता सगळ्यांत लाडका गैरसमज: जाड वायर म्हणजे जास्त ताकद. सुट्या भागांच्या दुकानांत ७ मिलिमीटर, ८ मिलिमीटर, अगदी १० मिलिमीटर जाडीच्या लाल-निळ्या वायर मिळतात. हा आकडा बाहेरच्या आवरणासकट मोजलेल्या जाडीचा आहे. आतला वाहक तंतू जाड असतोच असे नाही. चांगल्या सिलिकॉनची ७ मिलिमीटरची वायर या इंजिनाला पुरेशी आहे. फार जाड वायर घेतली तर ती मूळ क्लिपांत बसत नाही, कव्हरवर लोंबकळते, कुठेतरी गरम भागाला टेकते, आणि जाड आवरणाचा सगळा फायदा तिथेच संपतो. नवी वायर बसवल्यावर गाडी पळायला लागली असे सांगणारे खोटे बोलत नसतात. त्यांची तुलना मेलेल्या जुन्या वायरशी असते. साधी, मूळ दर्जाची वायर बसवली असती तरी तेवढाच फरक पडला असता, कारण वायर इंजिनाची हरवलेली ताकद परत देते, नवी ताकद आणत नाही.

याचाच भाऊ म्हणजे रोधाचा गैरसमज. वायरला रोध आहे म्हणजे ती ठिणगी खाते, तेव्हा तांब्याची शून्य रोधाची वायर उत्तम, असा हा हिशेब. मियाटाच्या मूळ वायरला मीटरमागे सुमारे १६ किलोओहम रोध असतो आणि तो मुद्दाम दिलेला आहे. ठिणगी उडण्याआधी वायरमधून करंट जवळजवळ वाहतच नाही, नुसता दाब चढत जातो. करंटच नसेल तर रोधावर व्होल्टही खर्च होत नाहीत, आणि प्लगच्या टोकाशी जवळपास पूर्ण दाब पोचतो. ठिणगी पेटल्यावर वायरमध्ये काहीशे व्होल्ट जातात आणि थोडी ऊर्जा उष्णतेत विरते, हे खरे. पण मिश्रण पेटवायला लागते त्याच्या कितीतरी पट ऊर्जा कॉइल देत असते, त्यामुळे ही गळती इंजिनाला जाणवत नाही. रोध काढून टाकला तर मात्र प्रत्येक ठिणगी एखाद्या छोट्या प्रक्षेपकासारखी रेडिओलहरी फेकू लागते. त्यांची खरखर रेडिओत ऐकू येतेच; शिवाय या इंजिनाचा संगणक कॅमच्या सेन्सरकडून येणाऱ्या बारीक संकेतांवर चालतो आणि त्या संकेतांत गोंधळ होऊ शकतो.

हा त्रास नवा नाही. जुन्या शेवरोले कॉर्व्हेटची बॉडी फायबरग्लासची, म्हणजे लहरी अडवणारा पत्रा तिला नाहीच. म्हणून कारखान्यातून डिस्ट्रिब्यूटरवर आणि वायरवर धातूची झाकणे बसवून येत. ज्या ग्राहकाने रेडिओ घेतला नाही त्याच्या गाडीला ही झाकणेही नसत.

मल्टिमीटरने रोध मोजला, आकडा बरोबर आला, म्हणजे वायर ठीक, हे अर्धेच खरे आहे. मल्टिमीटर काही व्होल्टवर मोजतो आणि वायर काम करते हजारो व्होल्टवर. आवरणाला पडलेली केसाएवढी चीर मल्टिमीटरला दिसत नाही. चढलेल्या दाबाला ती बरोबर सापडते. मोजणीचा उपयोग आतला तंतू तुटला आहे का एवढे पाहण्यापुरता. त्यातही चारही वायरचे आकडे सारखेच यायला हवेत अशी अपेक्षा चुकीची आहे. कॉइल मागे असल्यामुळे पहिल्या सिलिंडरची वायर सर्वांत लांब आणि चौथ्याची सर्वांत आखूड असते, आणि रोध लांबीप्रमाणे बदलतो. अर्धा मीटर वायरला सुमारे ८ किलोओहम दिसले तर ते ठीकच. आवरणाची परीक्षा रात्री, अंधारात घ्यावी. इंजिन चालू ठेवून, वायरला हात न लावता, लांबून पाण्याचा बारीक फवारा मारावा. जिथे आवरण फाटले आहे तिथून धातूकडे निळसर ठिणग्या उडताना दिसतात आणि इंजिन त्याच ठेक्यात अडखळते.

आयडलिंगला इंजिन गुळगुळीत चालते, तेव्हा वायरचा दोष नसणार, असेही म्हटले जाते. वायर सर्वांत आधी दगा देते ती इंजिनावर भार आल्यावर, आणि त्याला साधे भौतिक कारण आहे. उघड्या हवेत एक मिलिमीटर फटीतून ठिणगी उडवायला सुमारे तीन हजार व्होल्ट लागतात. हवा जितकी दाबलेली, तितके जास्त. आयडलिंगला सिलिंडरमध्ये मिश्रण थोडे येते, दाब कमी राहतो आणि थोड्या व्होल्टवर काम भागते. चढावर चौथ्या गिअरमध्ये, दोन-अडीच हजार फेऱ्यांवर पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की सिलिंडर गच्च भरतो आणि प्लगची मागणी कित्येक पट वाढते. त्या क्षणी चिरेतून बाहेर पडणे ठिणगीला प्लगच्या फटीपेक्षा सोपे वाटते. गाडी झटके देते, मिसिंग करते, आणि ॲक्सिलरेटर सोडताच पुन्हा शहाण्यासारखी चालू लागते. पेट्रोल नीट येत नाही असे समजून फिल्टर आणि पंप बदलणारे इथेच फसतात. प्लगची फट झिजून वाढली असेल तरीही मागणी वाढते. या इंजिनात फट १ ते १.१ मिलिमीटर ठेवतात; झिजलेले प्लग तसेच ठेवून नुसत्या नव्या वायर घालणे म्हणजे त्यांच्यावर पहिल्या दिवसापासून जादा ताण देणे.

गाडी फारशी पळालेली नाही म्हणून वायर नव्यासारख्या आहेत, ही समजूत हौसेने जपलेल्या स्पोर्ट्‌स गाड्यांच्या बाबतीत विशेष महागात पडते. रबर आणि सिलिकॉन किलोमीटरचा हिशेब ठेवत नाहीत. उष्णता, तेल आणि उच्च दाबाभोवती तयार होणारा ओझोन हे त्यांचे शत्रू, आणि नुसती वर्षे उलटली तरी रबर कडक होते. तीस वर्षांच्या गाडीवर मूळ वायर असतील तर त्या कितीही स्वच्छ दिसल्या तरी बदलाव्यात.

बिघाड असेल तर इंजिनाचा दिवा लागेल, हा भरवसा नंतरच्या गाड्यांपुरता. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ओबीडी-२ ही गाडीने स्वतःचे दोष ओळखण्याची प्रणाली सक्तीची झाली आणि मिसिंग ओळखणे हा तिचा भाग आहे. त्याआधीच्या मियाटाचा संगणक ठिणगी चुकली हे ओळखतच नाही. उलट न जळलेल्या मिश्रणातला प्राणवायू एक्झॉस्टमधल्या सेन्सरला दिसतो, मिश्रणात पेट्रोल कमी आहे असा त्याचा ग्रह होतो आणि संगणक पेट्रोल आणखी वाढवतो. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो तापून निकामी होऊ शकतो. वायरचा खर्च टाळण्याच्या नादात हा खर्च अंगावर येतो.

कुठला सिलिंडर मेला आहे हे शोधायला चालू इंजिनावर एकेक वायर उपटून पाहण्याची जुनी सवय अजून गेलेली नाही. जुन्या, यांत्रिक पॉइंटवर चालणाऱ्या इग्निशनच्या काळात ती चालून जात असे. आता अशा मोकळ्या वायरचा सगळा दाब कॉइलच्या आतल्या आवरणावर येतो किंवा हाताला बसतो, दोन्ही नको. त्याऐवजी इंजेक्टरचा प्लास्टिकचा जोड काढावा. ज्या सिलिंडरचा जोड काढल्याने इंजिनात काहीच फरक पडत नाही, तोच दोषी.

वायरची अदलाबदल झाली तर इंजिन चालणारच नाही, हे या गाडीत नेहमीच खरे नसते. पहिल्या आणि चौथ्याची अदलाबदल झाली तर काहीच कळणार नाही, कारण त्यांना ठिणगी एकदमच मिळते. पहिल्याची वायर दुसऱ्यावर गेली तर मात्र ठिणगी अर्ध्या फेरीने चुकते. ती पडते तेव्हा पिस्टन तळाशी असतो, आणि इंजिन फटफटत, थरथरत कसेबसे चालते किंवा सुरूच होत नाही. म्हणून चारही वायर एकदम न काढता एक काढावी, तेवढ्याच लांबीची नवी त्याच वाटेने बसवावी, मग दुसरीला हात घालावा. वायर क्लिपांत एकमेकींपासून दूर ठेवण्यालाही कारण आहे. शेवरोलेच्या जुन्या व्ही-८ इंजिनात पाचवा आणि सातवा सिलिंडर शेजारी आहेत आणि एकामागोमाग एक पेटतात. त्यांच्या वायर लांबपर्यंत चिकटून नेल्या तर एकीचा दाब दुसरीत उमटून सातव्यात अवेळी ठिणगी पडू शकते.

बसवण्याचे काम थंड इंजिनावरच करावे, कारण हेड ॲल्युमिनियमचे आहे आणि गरम असताना प्लग काढले तर आटे खराब होण्याचा धोका असतो. वायर ओढून कॅप निघत नाही, तंतू तुटतो. रबरी कॅप धरून आधी अर्धी फिरवावी, चिकटलेली जागा सुटली की सरळ वर घ्यावी. विहिरीत तेल दिसले तर वायरला दोष देऊ नये. टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधून ते उतरते आणि कॅपचे रबर फुगवून मऊ करते. गॅस्केट तसेच ठेवले तर नव्या वायरचीही तीच गत होईल. प्लग काढण्यापूर्वी विहिरीतली माती हवेच्या झोताने उडवावी, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये जाते.

काढलेल्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर, धातूच्या षटकोनाच्या लगेच वर, तपकिरी कडे दिसते आणि बरेचजण गॅस गळतोय म्हणून घाबरतात. उच्च दाबामुळे आसपासचे तेलाचे कण तिथे ओढले जाऊन चिकटतात, एवढेच. प्लग त्याने बिघडत नाही. काळजी करावी ती मातीवर उभ्या उतरलेल्या, पेन्सिलीने ओढल्यासारख्या काळ्या रेघेची. ती ठिणगीने जाळलेली वाट असते, आणि कॅपच्या आत नेमकी त्याच जागी तिची जोडीदार रेघ सापडते. असा प्लग आणि ती वायर दोन्ही टाकून द्यावे, कारण कार्बनची ती वाट पुसून जात नाही.

कॅपमध्ये लावायचे सिलिकॉन ग्रीस करंट चांगला जावा म्हणून असते, असे समजून काहीजण ते धातूच्या टोकावर थापतात. ते विद्युतरोधक आहे. कॅपच्या आतल्या कडेला बोटाने त्याचा पातळ थर द्यावा, म्हणजे ओल आत शिरत नाही आणि पुढच्या वेळी कॅप सहज निघते. प्लगच्या आट्यांना मात्र ग्रीस किंवा अँटी-सीझ लावण्याची गरज नसते. बहुतेक नव्या प्लगवर मुलामा असतो, आणि आटे निसरडे झाले की टॉर्क रेंच तोच आकडा दाखवत असताना प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो. मियाटासाठी तो आकडा १५ ते २३ न्यूटन-मीटर आहे. वायर प्लगवर दाबताना 'कट्' असा आवाज येतो किंवा निदान बोटांना जाणवतो. कॉइलच्या बाजूला हात कसाबसा पोचतो आणि डोळ्यांना काही दिसत नाही, म्हणून तिथे हा 'कट्' मुद्दाम तपासावा. अर्धवट बसलेली कॅप नव्या वायरवरही मिसिंग घडवते.

एवढे झाल्यावर टायमिंग पुन्हा लावावे लागत नाही. मियाटाचे टायमिंग हेडच्या मागच्या कॅम सेन्सरच्या कोनावर ठरते, वायरवर नाही; त्या सेन्सरला हात लागला नसेल तर ते जागचे हलत नाही. गाडी चढावर, वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर चालवून पाहावी. तिथेही झटके येत राहिले, तर मग कॉइलकडे वळावे.