एक अश्वशक्तीचा अ‍ॅम्प्लिफायर

जानेवारी २०१४ मध्ये लास व्हेगासच्या सीईएस प्रदर्शनात नेम ऑडिओने ‘स्टेटमेंट’ लोकांसमोर आणला. तीन मनोरे शेजारी शेजारी उभे: मध्ये प्रीअ‍ॅम्प आणि दोन्ही बाजूंना एकेक पॉवर अ‍ॅम्प. प्रत्येक पॉवर अ‍ॅम्पचं वजन शंभर किलोंच्या वर आणि ताकद आठ ओहमच्या स्पीकरला ७४६ वॅट, म्हणजे एक अश्वशक्ती. किंमत सव्वा लाख पौंडांच्या घरात. तेव्हाच्या दराने सव्वा कोटी रुपये! इंग्लंडमधल्या सॉल्झबरी शहरातल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीने असं काही करावं का, हा प्रश्न तेव्हा रास्त होता. दशक उलटून गेल्यावर त्याचं उत्तर देणं सोपं झालं आहे, कारण आता पुरावा समोर आहे.

नेमचा स्वभाव मुळात या डामडौलाचा नव्हता. मोटार शर्यतींत रमणाऱ्या ज्युलियन व्हेरेकरने १९७३ मध्ये ही कंपनी उभी केली. गाण्यातली लय आणि तिचा जोर श्रोत्यापर्यंत पोचला पाहिजे, बाकी आकड्यांचं नंतर बघू, हा त्याचा आग्रह. १९८३ चा ‘नेट’ या आग्रहाचं सर्वांत बोलकं उदाहरण. बुटाच्या खोक्याएवढं यंत्र, ताकद जेमतेम पंधरा वॅटांच्या आसपास, पण जाणकार त्याचं नाव आजही प्रेमाने घेतात. व्हेरेकर २००० मध्ये गेला. त्याच वर्षी आलेला ‘नॅप ५००’ पुढे बरीच वर्षं कंपनीचा सर्वांत मोठा पॉवर अ‍ॅम्प होता. पंधरा वॅटांवर नाव कमावलेल्या घराने ७४६ वॅटांचा मनोरा बांधावा, हे जुन्या चाहत्यांना खटकलं असेल तर त्यांना दोष देता येत नाही.

पण स्टेटमेंटच्या पोटात काय होतं ते पाहायला हवं. नेमचा अभियंता स्टीव्ह सेल्स याच्या हाताखालच्या चमूला या एका कामात खर्चाचा लगाम फारसा नव्हता. जड ट्रान्सफॉर्मर आणि वीजपुरवठा खालच्या भागात, नाजूक सर्किट वरच्या भागात आणि दोहोंमध्ये पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा ठोकळा. सर्किटला कंपनं पोचू नयेत म्हणून ही सगळी खटपट. आउटपुटसाठी एनए००९ हा खास बनवून घेतलेला ट्रान्झिस्टर. वीजपुरवठ्यातला गोंगाट कमी करण्यासाठी सुट्या भागांपासून नव्याने रचलेला रेग्युलेटर, ज्याला कंपनी ‘डीआर’ म्हणते. आणि प्रीअ‍ॅम्पच्या माथ्यावर प्रकाशाचं कडं असलेली व्हॉल्यूमची मोठी चकती.

खरी गोष्ट इथून पुढची. डीआर रेग्युलेटर तर स्टेटमेंट बाजारात येण्याआधीच, २०१२ मध्ये, कंपनीच्या एका वीजपुरवठ्याच्या पेटीत बसला होता. २०१५ मध्ये तो आणि एनए००९ ट्रान्झिस्टर ही जोडी नॅप २५०, ३०० आणि ५०० यांच्यात एकदम उतरली. यातला नॅप २५० हा १९७५ पासूनचा अ‍ॅम्प. चाळीस वर्षांच्या या जुन्या नावाला स्टेटमेंटचं काळीज मिळालं आणि त्याची किंमत स्टेटमेंटच्या पंचविसाव्या हिश्श्याहून कमी होती. व्हॉल्यूमची ती चकती तर २०१४ मध्येच ‘म्यूझो’ या वायरलेस स्पीकरवर आली, ९०० पौंडांच्या आत. ज्या घरांत कधीही दोन पेट्यांचा अ‍ॅम्प येणार नव्हता, त्या घरांत नेम या स्पीकरच्या रूपाने पोचली. मला हा हिशेब महत्त्वाचा वाटतो. श्रीमंत गिऱ्हाइकाने मोजलेल्या पैशांतून झालेलं संशोधन एका वर्षात मधल्या पायरीवर यावं, याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

इतरांनीही असे प्रयोग केले. २०१४ मध्येच पॅनासॉनिकने टेक्निक्स हे नाव आर१ या महागड्या मालिकेने पुन्हा जिवंत केलं, आणि तिच्यातलं डिजिटल अ‍ॅम्प्लिफिकेशनचं तंत्र पुढे एसयू-जी७०० सारख्या बऱ्याच स्वस्त इंटिग्रेटेड अ‍ॅम्पमध्ये दिलं. सेनहायझरने २०१५ मध्ये संगमरवराच्या बैठकीवरचा, आठ व्हॅक्यूम ट्यूबचा एचई१ हा हेडफोन संच आणला, किंमत पन्नास हजार युरोंच्या आसपास. तो ऐकणाऱ्यांनी त्याची वाखाणणी केली. तरी २०२२ मध्ये कंपनीचा ग्राहकोपयोगी विभाग स्विस कंपनी सोनोव्हाकडे गेला. शिखरावरच्या एका यंत्राने धंदा तरत नाही.

आणि एक गोष्ट कबूल करायलाच हवी, जिच्यावर महागड्या अ‍ॅम्पचे भक्त बोलायचं टाळतात. याच काळात अ‍ॅम्प्लिफायरच्या तंत्रातली मोठी झेप कुठल्याही मनोऱ्यातून निघाली नाही. ती ब्रूनो पुट्झीस या बेल्जियन अभियंत्याने आधी हायपेक्स कंपनीत आणि मग डेन्मार्कच्या प्युरिफायमध्ये क्लास-डी सर्किटवर केलेल्या कामातून निघाली. २०१९ चं प्युरिफायचं मॉड्यूल तळहातावर मावतं, फारसं तापत नाही आणि त्याचं डिस्टॉर्शन मोजताना चांगल्या उपकरणांचाही कस लागतो. एनएडी कंपनीने ते पुढच्याच वर्षी सी २९८ या अ‍ॅम्पमध्ये घातलं. तानपुऱ्याच्या जव्हारीची वलयं निर्मळ ऐकायची असतील तर आज कोटभर रुपये लागत नाहीत, आणि गाण्यावर जीव असलेल्या माणसासाठी ही आनंदाची बातमी आहे.

म्हणून माझा कौल असा: कंपनीने असा अ‍ॅम्प जरूर बांधावा, पण तो प्रयोगशाळा म्हणून. त्यातलं निदान एक सर्किट, एक भाग, एक कल्पना पाच वर्षांच्या आत साध्या यंत्रात उतरली नाही, तर तो खर्च नुसता दिखाव्याचा. नेम या कसोटीला उतरली. वाचकांनीही पुढचा अ‍ॅम्प घेताना दुकानदाराला एवढं विचारावं: कंपनीच्या सर्वांत महाग यंत्रातलं नेमकं काय या पेटीत आलं आहे? भागाचं नाव सांगता आलं तर पुढे ऐकायला बसावं, नाही तर दुसरं दुकान गाठावं.