हायपोझँथिनचा तोतया

रात्री धडधाकट निजलेला गृहस्थ पहाटे पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी असा काही ठणका घेऊन जागा व्हावा, की अंगावरच्या चादरीचा स्पर्शही त्याला सोसवू नये, ही गाउट नामक व्याधीची नेहमीची सलामी होय. सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी आठवड्याभरात सारे निवळते आणि रोग गेला असे घरचे मानतात. वस्तुतः जातो तो केवळ दाह, सांध्यात साचलेले युरिक आम्लाचे सुईसारखे स्फटिक जागच्या जागीच असतात.

पेशींतील आणि अन्नातील प्युरीन द्रव्यांचे विघटन होता होता शेवटी उरते ते हे आम्ल. बहुतेक सस्तन प्राण्यांपाशी त्याचाही निकाल लावणारे विकर असते, मनुष्य मात्र ते उत्क्रांतीच्या ओघात गमावून बसला. त्यामुळे मुख्य भिस्त मूत्रपिंडांवर, आणि ती तर अशी चिकट की गाळलेल्या आम्लापैकी सुमारे ९० टक्के पुन्हा रक्तात जमा करतात. डेसिलिटरमागे सुमारे ६.८ मिलिग्रॅमपलीकडे शिल्लक गेली, की स्फटिक धरू लागतात.

ही शिल्लक उतरवायची तर आम्लाची जावक वाढवावी किंवा आवक रोखावी. जावक वाढवणारे प्रोबेनेसिड हे औषध मुळात पेनिसिलिन शरीरात टिकावे म्हणून निघाले. आवक रोखणाऱ्या अ‍ॅलोप्युरिनॉलची हकिकतही तशीच: रक्ताच्या कर्करोगावरील एका औषधाचा शरीरातील एक विकर फडशा पाडीत असे, त्याला आवर घालू पाहणाऱ्या जर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना त्याच उपायाने युरिक आम्लही उतरते असे आढळले, आणि १९६६ साली अमेरिकेत ते गाउटसाठी मान्य झाले. हायपोझँथिनपासून युरिक आम्ल घडवणारे विकरही तेच, झँथिन ऑक्सिडेज. आणि अ‍ॅलोप्युरिनॉल हा हायपोझँथिनचा हुबेहूब तोतया. पानिपतानंतर उपटलेला सदाशिवरावभाऊंचा तोतया अखेर उघडकीस आला. हा मात्र विकराच्या हाती सापडताच ऑक्सिप्युरिनॉल होऊन त्यालाच घट्ट चिकटून बसतो आणि कारखाना थंडावतो.

प्रारंभ बहुधा रोज १०० मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी मात्रेने करून, रक्ततपासणी पाहत पाहत आम्ल ६ च्या खाली येईतो ती वाढवतात. अंगावर पुरळ दिसल्यास मात्र गोळी तात्काळ थांबवून डॉक्टरांकडे जावे. गंमत अशी, की आम्ल उतरू लागले म्हणजे जुने स्फटिक झिजून सुटू लागतात आणि अंगठा पुन्हा पेटतो. त्यासाठीच पहिले तीन ते सहा महिने सोबत कोल्चिसिनची लहान मात्रा देतात. पण हे आधी कोणी सांगितले नसेल, तर रोगी नेमक्या त्याच रात्री गोळ्यांची पट्टी खिडकीबाहेर भिरकावतो.