पेटीतला समुद्र आणि विरजणाची वाटी

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीतली गोष्ट. वसुबारसेचा दिवस. घरात साफसफाईची धांदल. तांब्यापितळेची भांडी चिंचेने लखलखीत झाली होती. त्याच उत्साहाच्या भरात मी दिवाणखान्यातल्या खाऱ्या पाण्याच्या माशांच्या पेटीचा फिल्टर काढून नळाखाली धरला. आतला स्पंज तपकिरी आणि बुळबुळीत झाला होता. तो पिळून पिळून साफ केला. चिनी मातीच्या सच्छिद्र कड्या ब्रशाने घासल्या. पेटीतले पाणी आरशासारखे दिसू लागले आणि मी स्वतःवरच खूश झालो.

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानाची गडबड चालू असताना धाकटी धावत आली. "बाबा, मासा वर येऊन धापा टाकतोय!" आमच्याकडे क्लाऊनफिशची, म्हणजे नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या विदूषक माशांची, एक जोडी होती. संध्याकाळपर्यंत त्यातला एक गेला. पोरीने त्या दिवशी फराळाला हात लावला नाही.

पाणी तर निर्मळ होते! मग मासा मेला कशाने?

न दिसणारे विष

त्याचे उत्तर मिळाले अमोनिया तपासण्याच्या कुपीत. मासे पाण्यात अमोनिया सोडतात. उरलेले अन्न कुजूनही तोच तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही. शिवाय समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा अधिक अल्कधर्मी असते आणि अशा पाण्यात अमोनिया जास्त जहाल ठरतो. हे विष निपटतात ते सूक्ष्म जंतू. काही जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात, तर दुसरे नायट्राइटचे बऱ्याच अंशी निरुपद्रवी असे नायट्रेट करतात. विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास या जंतूंचे कार्य जगापुढे मांडले.

या जंतूंची वस्ती असते फिल्टरमधल्या स्पंजावर आणि कड्यांवर. मी घासून काढलेला बुळबुळीतपणा म्हणजे बव्हंशी तीच वस्ती होती. उरल्यासुरल्या जंतूंना नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने संपवले. मी हे घरी समजावून सांगितले तेव्हा आई एवढेच म्हणाली, "म्हणजे विरजणाची वाटीच धुऊन टाकलीस की रे!"

फिल्टरचे सगळे शास्त्र या एका वाक्यात आले.

मग सुधारणा कोणती?

आमची पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच. वाळू-दगड वजा जाता पाणी सुमारे ५० लिटर. इतक्या थोड्या पाण्यात चुकीला क्षमा नसते. दुसरा मासा वाचवण्यासाठी आम्ही खाणे कमी केले आणि योग्य खारटपणाचे ताजे पाणी रोज थोडे थोडे बदलले. मग फिल्टरची घडी नव्याने बसवली.

पहिली गोष्ट म्हणजे क्रम. पाणी आधी कापसासारख्या तंतूंच्या गादीतून जावे आणि मग कड्यांवरून. गादीत विष्ठा आणि अन्नाचे कण अडकतात. ती दर तीन-चार दिवसांनी बदलावी, नाहीतर अडकलेली घाण तिथेच कुजते. स्पंज आणि कड्या मात्र पेटीतूनच काढलेल्या पाण्यात हलक्या हाताने विसळाव्यात, आणि तेही दोन्ही एकाच दिवशी नव्हे. नव्या कड्यांवर जंतूंची वस्ती पुरती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर जुन्या हलवू नयेत.

दुसरी गोष्ट, फेस. गुऱ्हाळात काहिलीवरची मळी काढताना आपण पाहिली असेल. प्रोटीन स्किमर नावाचे उपकरण नेमके तेच करते. नळीत बारीक बुडबुडे सोडले की पाण्यातले सेंद्रिय पदार्थ त्यांना चिकटून वर येतात आणि फेसाबरोबर कपात जमतात. ही घाण कुजून तिचा अमोनिया होण्यापूर्वीच बाहेर पडते. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात म्हणून ही युक्ती इथे साधते.

तिसरी गोष्ट, पाणी बदलणे. नायट्रेट साचतच जाते, म्हणून दर आठवड्याला पाच लिटर पाणी बदलावे. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या हिशेबाने पावणेदोनशे ग्रॅम मत्स्यपेटीचे खास मीठ लागते. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. वाफ होऊन पाणी कमी झाले तर मात्र गोडे पाणीच घालावे. मिठागरात पाणी उडते आणि मीठ मागे राहते, तसेच पेटीतही घडते.

चौथी गोष्ट, वीज. खाऱ्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळतो आणि जंतूंनाही तो लागतो. वीज गेली की बंद फिल्टरमध्ये ते काही तासांत गुदमरू लागतात. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप घरात हवाच.

जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये निराळीच पद्धत मांडली होती. प्रवाळखडकावरचे जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे, बस्स! त्या दगडांतले जंतूच गाळणीचे काम करीत. परंतु आपल्याकडे प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे, म्हणून त्या मोहात पडू नये. सच्छिद्र कड्या आणि धीर यांवर भागते. मासेही समुद्रातून पकडलेले न घेता पैदास केंद्रातलेच मागावेत. क्लाऊनफिशची पैदास आपल्या देशातही होते.

आमचा दुसरा मासा जगला. पुढे त्याला जोडीदार आणला, पण दोन महिने थांबून आणि अमोनिया शून्य दिसल्यावरच. यंदाही वसुबारसेला घासपूस झाली. मी फिल्टरकडे वळलो, तो धाकटी बादली घेऊन आडवी आली.

"बाबा, विरजण!"

मी मुकाट्याने समया घासायला घेतल्या.