मन पदरचं घालतं

मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत असतं तरी काय, असं लोक मला अजून विचारतात. उंदीर असतात का? माणसाला आडवं करायचा कोच असतो का? पुण्यातल्या एका महाविद्यालयात मी निवृत्तीपर्यंत मानसशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतली. आमच्याकडे ना उंदीर होते ना कोच. एक लाकडी कपाट होतं. त्यात स्टॉपवॉच, कार्डांचे गठ्ठे, एक आरसा, आणि सरकती पट्टी बसवलेली एक पाटी. पाटीवर दोन रेघा. एकीच्या टोकांना बाणाची पाती मिटलेली, दुसरीच्या टोकांना बाहेर उघडलेली. उघड्या टोकांची रेघ लांब दिसते. सरकती पट्टी हलवून दोन्ही रेघा सारख्या ‘दिसतील’ अशा करायच्या, आणि मग फूटपट्टीनं आपण किती चुकलो ते मोजायचं.

जवळजवळ सगळे चुकत. मजा त्याच्या पुढे होती. मोजून झालं, खात्री पटली, तरी पुन्हा पाहिलं की ती रेघ लांबच. “मॅडम, कळतंय हो, पण दिसत नाही,” असं एक मुलगी वैतागून म्हणाली होती. फ्रांत्स म्यूलर-लायर या जर्मन गृहस्थानं हा भ्रम १८८९ साली मांडला. त्याचं कारण नेमकं कोणतं यावर तज्ज्ञांचे वाद अजून मिटलेले नाहीत. पण एक गोष्ट त्या पाटीपुढे बसणाऱ्याला पहिल्याच तासाला उमजते: डोळा देतो त्यात मन पदरचं काहीतरी घालतं, आणि ते आपल्याला विचारून घालत नाही.

पुणेकरांसाठी याचं मोठं उदाहरण लॉ कॉलेज रस्त्याला आहे. प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्याला आली. तिचा स्टुडिओ जिथे होता तिथेच १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ याच स्टुडिओतला. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, तुकारामांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. पडद्यावर पागनीस चालतात, भजनात डोलतात, असं आपण म्हणतो. पडद्यावर हलत काहीच नसतं. सेकंदाला चोवीस निश्चल चित्रं एकामागून एक येतात, आणि रिळांच्या काळात एक चित्र जाऊन दुसरं येताना प्रोजेक्टरची झडप आड येई, पडदा काळा होई. म्हणजे तिकीट काढून आपण बराच वेळ काळोखच बघत होतो. चाल कुठून येते? माक्स वेर्टहायमरनं १९१२ साली याच प्रश्नावर निबंध प्रसिद्ध केला. दोन रेघा वेगवेगळ्या जागी आळीपाळीनं दाखवायच्या. मधलं अंतर सुमारे ६० सहस्रांश सेकंदांचं ठेवलं की बघणाऱ्याला दोन रेघा दिसतच नाहीत. एकच रेघ इकडून तिकडे सरकताना दिसते. मधला प्रवास त्याच्या मनानं भरलेला असतो.

आणि मन एवढ्यावर थांबत नाही. देहूला गाथा मंदिरात उभी असताना माझ्या डोळ्यांपुढे तुकाराम म्हणून येतात ते पागनीसच. माझ्या वयाच्या पुष्कळांचं असं होत असणार. तुकोबांच्या काळचं छायाचित्र असणं शक्यच नाही, तेव्हा रिकाम्या जागी हाताशी असलेला चेहरा मनानं चिकटवून दिला.

डोळे उघडे असताना मन एवढी भर घालतं, तर ते मिटल्यावर काय करत असेल? इथे मला संत बहिणाबाई आठवतात. चौधरी नव्हेत, सतराव्या शतकातल्या, तुकोबांच्या शिष्या. त्यांनी स्वतःचं चरित्र अभंगांतून सांगितलं आहे. कोवळ्या वयात त्या कोल्हापुरात होत्या. जयरामस्वामींच्या कीर्तनात तुकोबांची पदं त्यांच्या कानावर पडत. ज्या वासराचा त्यांना लळा लागला होता ते गेलं. पतीचा रोष होताच. अशा दिवसांत तुकोबा स्वप्नात आले आणि त्यांनी मंत्र दिला. प्रत्यक्ष भेट तोवर झालेली नव्हती. देहूला जाणं नंतर घडलं. खुद्द तुकोबांनाही गुरूचा उपदेश स्वप्नातच झाला होता.

भाविकासाठी तो साक्षात्कार आहे, आणि त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण मानसशास्त्राची शिक्षक म्हणून मला थांबवतो तो बहिणाबाईंचा प्रामाणिक तपशील: आधी कीर्तन, मग ध्यास, मग दुःख, मग स्वप्न. फ्रॉइडचा स्वप्नांवरचा ग्रंथ १८९९ च्या अखेरीस बाहेर आला, मुखपृष्ठावर १९०० साल घालून. जागेपणी उरलेलं काहीतरी स्वप्नाच्या विणीत शिरतं, हे त्यात विस्तारानं आहे. त्याच ग्रंथातली दडपलेल्या इच्छांची उपपत्ती आज बरेच संशोधक जशीच्या तशी मानत नाहीत, मीही मानत नाही. दिवसाच्या उरल्यासुरल्याचं निरीक्षण मात्र टिकलं. ते आपल्याकडे म्हणीतच आहे. मनी वसे ते स्वप्नी दिसे.

पुढचं पाऊल प्रयोगशाळेत पडलं. शिकागोत युजीन ॲसेरिन्स्की झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या हालचाली यंत्रावर नोंदवत होता. सुरुवातीला त्यानं आपल्या लहान मुलालाच झोपवून तारा लावल्या होत्या. झोपेत मधूनच डोळे भराभर फिरू लागतात, तेव्हा उठवलं तर माणूस बहुधा स्वप्न सांगतो, हे त्यानं आणि त्याचे मार्गदर्शक क्लाइटमन यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलं. साधारण दीड तासाच्या फेऱ्यांनी हा टप्पा रात्रीत चार-पाच वेळा येतो आणि पहाटेकडे लांबत जातो. पहाटेची स्वप्नं जास्त आठवतात ती यामुळे. ती खरी होतात की नाही हा प्रश्न वेगळा, आणि त्याचं उत्तर मला विचारू नका.

सर्वांत चकित करणारा प्रयोग २००० सालचा आहे. रॉबर्ट स्टिकगोल्ड आणि सहकाऱ्यांनी लोकांना टेट्रिस खेळायला लावलं, तोच वरून ठोकळे पडण्याचा संगणकी खेळ. झोप लागता लागता पुष्कळांना ठोकळे पडताना दिसले. खेळणाऱ्यांत मेंदूला इजा झाल्यामुळे नवं काही लक्षात न राहणारी पाच माणसं होती. आपण खेळ खेळलो हेच त्यांना आठवत नव्हतं, तरी पाचांपैकी तिघांनी पडणारे आकार सांगितले.

आमच्या कपाटातला आरसा असल्याच गोष्टीसाठी होता. कागदावर दोन रेघांची चांदणी छापलेली, हात झाकलेला, आरशात बघत रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. पहिल्यांदा हात भलतीकडेच जातो, हुशार मुलंही हसू लागतात. पाच-सहा वेळा केलं की हात वळणावर येतो. कॅनडातल्या ब्रेंडा मिल्नर यांनी हीच चांदणी हेन्री मोलेसन नावाच्या रुग्णाला दिली होती. १९५३ सालच्या मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्याला नवी गोष्ट आठवत नसे. तीन दिवस तो चांदणी काढत राहिला. रोज त्याला ती नवीनच वाटे, आणि रोज हात आदल्या दिवसापेक्षा सफाईनं चाले. शिकणं आणि शिकल्याचं आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथे उघड झालं.

हे मी आमच्या इमारतीत भाड्यानं राहणाऱ्या बीडकडच्या मुलाला सांगते तेव्हा तो सभ्यपणे ऐकून घेतो आणि घड्याळ बघतो. सदाशिव पेठेत राज्यसेवेची तयारी करणारी अशी पोरं ढिगानं आहेत. वाड्यांच्या जागी आलेल्या इमारतींत मजल्यामजल्यावर अभ्यासिका, प्लायवुडचे खण, खणाखणात एक डोकं. याचं राज्यघटनेचं पुस्तक मी चाळलं. पिवळा, गुलाबी, हिरवा, सगळे रंग लागलेले. “तिसरी रिव्हिजन चालूय, मॅडम. वाचताना सगळं येतं.”

येतं म्हणजे ओळखीचं वाटतं. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली नेमकं हेच तपासलं. एका गटानं उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं पुस्तक मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर ते ४२ वर घसरले. आठवून लिहिणारे ५६ वर होते. पुन्हा वाचताना पुस्तकच सगळं देतं. मिटल्यावर मनाला पदरचं घालावं लागतं. ते जड जातं, अडतं, चीड येते, आणि त्यातूनच ते पक्कं होतं.

त्यानं करून पाहिलं. मूलभूत हक्कांचं प्रकरण वाचून वही कोरी घेतली, आणि अर्ध्या पानावर अडकला. “तीनदा वाचलंय हो हे!” तो जवळजवळ माझ्यावरच चिडला. मी म्हटलं, आज राहिलेलं उघडून बघ, परवा परत लिही, आणि मधे झोप. झोपेचं त्याला पटेना. मग जेन्किन्स आणि डालेनबाख यांचा १९२४ चा प्रयोग सांगितला. दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरं पाठ करायला लावली. पाठ करून झोपले तेव्हा जास्त उरली, तेवढेच तास जागे राहिले तेव्हा कमी.

“म्हणजे आमच्या अभ्यासिकेच्या पाटीवर ‘चोवीस तास खुली’ लिहिलंय,” तो म्हणाला, “त्याचे जादा पैसे मी उगाच भरतोय?”