पडद्यामागचं यार्ड : एक बटण, पूर्ण मार्ग

घरातली रेल्वे : भाग ७

मागच्या भागात आपण मांडणीच्या पाठीमागे चार रुळांचं यार्ड टाकलं. पुढे दिसतं ते बोरी अरबच्या आसपासचं, दारव्हा तालुक्यातलं एक लहान स्टेशन, कापसाच्या गाठींची शेड आणि शकुंतला या नॅरोगेज गाडीची एकेरी लाइन. यवतमाळ ते मूर्तिजापूर हे अंतर ११३ किलोमीटरचं. ते खोलीत मावणार नाही, म्हणून फळीमागचं यार्डच कधी यवतमाळ होतं, तर कधी मूर्तिजापूर. १:८७ या प्रमाणात शकुंतलेचा ७६२ मिलिमीटरचा गेज पावणेनऊ मिलिमीटरच्या आसपास येतो आणि बाजारातला ९ मिलिमीटरचा रूळ तिथे छान चालतो. आज या यार्डाच्या सांध्यांना मोटारी जोडू.

लहान स्टेशनावरचा पॉइंट्समन सांध्यापाशी जातो, लिव्हर टाकतो आणि टंग रेल मुख्य रुळाला नीट चिकटली का, ते डोळ्यांनी पाहतो. फळीमागे तशी सोय नाही. तिथला सांधा अर्धवट राहिला तर ते कळतं थेट डबे घसरल्यावर. म्हणून न दिसणाऱ्या यार्डात एकेक सांधा हाताळत बसू नये. बटण दाबून मार्ग निवडावा, सांध्यांचं काम वायरिंगवर सोपवावं. मोठ्या जंक्शनवरच्या रूट रिले इंटरलॉकिंगचं तत्त्व हेच आहे. तिथे स्टेशनमास्तर मार्गाचं सुरुवातीचं आणि शेवटचं बटण दाबतो आणि वाटेतले सगळे सांधे लागतात.

चार रुळांना तीन सांधे लागतात. पहिला सांधा वळवला की गाडी १ नंबरवर जाते. पहिला सरळ आणि दुसरा वळवलेला असेल तर २ नंबरवर. पहिले दोन सरळ आणि तिसरा वळवलेला, तर ३ नंबर. तिन्ही सरळ म्हणजे ४ नंबर. प्रत्येक मोटारीत दोन कॉइल असतात, एक ‘सरळ’साठी आणि दुसरी ‘वळण’साठी. चार बटणांपासून या कॉइलपर्यंत एकूण नऊ जोडण्या होतात.

इथेच बहुतेकांची फसगत होते. २ नंबर आणि ३ नंबर या दोन्ही बटणांना पहिल्या सांध्याची ‘सरळ’ कॉइल हवी. दोन्ही वायरी तिथे नुसत्या एकत्र बांधल्या, तर २ नंबर दाबल्यावर करंट त्या गाठीतून उलटा ३ नंबरच्या वायरीत शिरतो. मग दुसऱ्या सांध्याच्या दोन्ही कॉइल एकदम ओढू लागतात आणि सांधा मध्येच अडकतो. उपाय म्हणजे प्रत्येक जोडणीत एक डायोड. विहिरीवरच्या मोटारीचा फूट व्हॉल्व्ह पाणी वर जाऊ देतो पण खाली परतू देत नाही, तसंच डायोडचं काम. नऊ जोडण्या, नऊ डायोड. ३ अँपिअरचे घ्या. बटणाकडून प्लस येत असेल, तर डायोडवरची रुपेरी पट्टी कॉइलच्या बाजूला ठेवा.

या कॉइलना क्षणभराचाच झटका हवा असतो. बोट बटणावर रेंगाळलं तर त्या तापतात आणि जळतात. म्हणून मध्ये कपॅसिटरचं युनिट बसवायचं. ते भरून घेतं, बटण दाबताच सगळा साठा एका दमात सोडतं आणि बटण सुटेपर्यंत पुन्हा भरत नाही. १८ व्होल्टवर भरलेल्या ४७०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये सुमारे पाऊण ज्यूल ऊर्जा मावते. ३ आणि ४ नंबरच्या मार्गांना तीन कॉइल एकदम ओढायच्या असतात, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम पाव ज्यूल. तिसरा सांधा सुस्त वाटला तर मोटार बदलू नका, १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. तो ३५ व्होल्टचा असावा. सगळ्या मोटारींची सामाईक परतीची वायर दीड चौरस मिलिमीटरची, अनेक तारांची घ्या. बारीक वायरीत झटक्याचा जोर वाटेतच विरतो. २३० व्होल्टच्या बाजूला हात घालू नका, बंद डब्यातला तयार अडॅप्टरच वापरा.

आता पॅनेलवरचे दिवे. दिव्याची वायर बटणावरून घेणं सोपं असतं, पण तसा दिवा फक्त तुम्ही काय मागितलं तेवढंच सांगतो. मोटारीला जोडलेल्या चेंजओव्हर स्विचवरून वायर घेतली, की सांधा खरोखर कुठे आहे ते कळतं. लोडशेडिंगनंतर वीज आली तरी तो दिवा खरंच सांगेल, कारण त्याला मागचं काही लक्षात ठेवायचं नसतं. स्विच टंग रेलच्या प्रवासाच्या अगदी टोकाला लागेल असा बसवा, म्हणजे अर्धवट सांध्याचे ‘सरळ’ आणि ‘वळण’ असे दोन्ही दिवे विझलेले राहतील. दोन्ही विझलेले दिसले की गाडी सोडायची नाही, हा नियम मुलांनाही शिकवा.

गाडी ठेवण्याआधी चारही बटणं उलटसुलट क्रमाने दाबून पाहा. ४ नंतर १, १ नंतर ३, ३ नंतर २. ओळीने दाबलं तर काही सांधे आधीच जागेवर असतात आणि चुकीची जोडणी झाकली जाते. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नंबरची चिठ्ठी लावा आणि नऊ डायोडांचा तक्ता फळीच्या मागेच चिकटवा. दोन वर्षांनी बिघाड झाला, तर दुसऱ्या कुणालाही तो शोधता आला पाहिजे.

पुढच्या आठवड्यात : यार्डातल्या कुठल्या रुळावर गाडी उभी आहे, हे पॅनेलवर कसं दाखवायचं.