दुधाने पोळलेले तोंड आणि समुद्री गोगलगाय

दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, हे व्यापारी घरांत वेगळे सांगावे लागत नाही. बँकेत रोखपाल असताना एके दिवशी माझ्या हिशेबात हजार रुपयांची तूट आली व ती पदरची भरावी लागली. त्यानंतर निवृत्तीपर्यंत नोटांचे प्रत्येक पुडके मी दोनदा मोजले. एका दिवसाचा अनुभव असा कायमचा अंगवळणी कसा पडतो? या प्रश्नाचे काहीसे उत्तर मला एरिक कँडेल यांच्या संशोधनात सापडले.

व्हिएन्नात जन्मलेल्या व अमेरिकेत स्थायिक झालेल्या कँडेल यांनी अभ्यासासाठी समुद्री गोगलगाय निवडली. मानवी मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. या जीवात जेमतेम २० हजार, त्यांतील काही तर नुसत्या डोळ्यांना दिसतील एवढ्या मोठ्या. तिच्या श्वसननलिकेला हलका स्पर्श झाला की ती कल्ले आत ओढून घेते. तोच निरुपद्रवी स्पर्श वारंवार झाला, की ती त्याकडे दुर्लक्ष करू लागते. कारण स्पर्श जाणणारी पेशी पुढच्या पेशीकडे कमी रसायन सोडू लागते. याउलट, शेपटीला विजेचा धक्का बसल्यावर साध्या स्पर्शानेही ती जोराने आक्रसते. धक्क्यामुळे सेरोटोनिन स्रवते आणि तोच संदेश अधिक प्रबळ होतो.

एका धक्क्याची आठवण काही मिनिटे टिकते. पुनःपुन्हा बसलेल्या धक्क्यांची कित्येक दिवस. तेव्हा पेशीत नवी प्रथिने तयार होतात व पेशींमध्ये नवे जोड वाढतात. अनुभव शरीरातच लिहिला जातो, तो असा. या कार्याबद्दल कँडेल २००० च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. त्या मूक जीवाला दिलेली वेदना आपल्या वाचकांना खुपेल. वाचताना मलाही खुपली.

माणूस म्हणजे गोगलगाय नव्हे, हे खरे. तरीही गल्ल्यावर नव्याने बसलेल्या मुलाला चूक झाल्यावर गिऱ्हाइकांसमोर रागावताना हे आठवावे. रोजच्या किरकोळ टोकण्याकडे तो कानाडोळा करू लागेल. वारंवार झालेल्या अपमानाने मात्र साध्या प्रश्नालाही दचकेल. माझी तूट निघाली त्या संध्याकाळी आमचे वरिष्ठ एवढेच म्हणाले, “उद्या आपण दोघे मिळून मोजू.” म्हणूनच मी सावध झालो, भित्रा झालो नाही.